सुट्टी हक्काची, मग अर्ज टाकताना अपराधी का वाटतं?

पुण्यात किंवा हैदराबादला नोकरी करणाऱ्या नागपूरकराचं सुट्टीचं गणित साधारण ठरलेलं असतं. दिवाळीचे चार दिवस, जमलं तर पोळा किंवा महालक्ष्म्यांसाठी दोन दिवस, आणि घरातलं एखादं लग्न. यातून चार-पाच दिवस उरलेच आणि मनाली नाहीतर कोकणाचा बेत केला, की दोन ठिकाणी तोंड चुकवावं लागतं. एकदा ऑफिसात साहेबांसमोर आणि एकदा फोनवर आईसमोर. "घरी याले सुट्टी नसते तुले, फिराले बरी भेटते," हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, असा बाहेरगावी राहणारा नागपूरकर शोधावाच लागेल.

मग लपवाछपवी सुरू होते. ऑफिसात सांगायचं की घरी कार्यक्रम आहे, घरी सांगायचं की ऑफिसची ट्रिप आहे. आणि समुद्रकिनाऱ्याचे फोटो दोन्हीकडच्या लोकांना वगळून 'क्लोज फ्रेंड्स'पुरते टाकायचे.

नीट पाहिलं तर हा संकोच प्रत्येक सुट्टीला वाटत नाही. लग्न, बारसं, वडिलांचं ऑपरेशन, मुलाची ॲडमिशन यासाठी रजा मागताना कुणाची मान खाली जात नाही. शेगावला किंवा तिरुपतीला जायचंय म्हटलं तर साहेबच "माझाही नमस्कार सांगा" म्हणतात. अडचण येते ती फक्त "मला थोडं आराम करायचाय" या कारणाला. दुसऱ्यासाठी घेतलेली सुट्टी कर्तव्यात मोजली जाते आणि स्वतःसाठी घेतलेली चैनीत. रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा रकाना असतो, तो याच समजुतीतून आलेला आहे.

ही समजूत कुठून आली? आपल्याकडे विश्रांतीला मान नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाला कुणी कारण विचारत नाही. (नागपुरात दुसऱ्या दिवशी मारबत आणि तान्हा पोळा असतो, त्यामुळे माणसांचीही सोय होते, हा भाग वेगळा.)

रविवार कुणी मिळवून दिला?

आठवड्याची सुट्टी आज आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरलेल्या तारखेच्या आत. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. पुढची सहा वर्षं पाठपुरावा चालला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे या सुट्टीमागे सह्या, सभा आणि मालकांशी झालेला झगडा आहे.

नागपूरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कारभार बेझनजी मेहतांकडे होता, जे आधी रेल्वेत होते. सुरुवातीच्या काळात कामगार वारंवार गैरहजर राहतात, ही मिलची मोठी डोकेदुखी होती. त्यात नवल नाही. हातमागावर स्वतःच्या वेळेने काम करणारा विणकर किंवा शेतीवर जगणारा माणूस भोंग्याच्या तालावर रोज हजर राहील, हीच अपेक्षा नवी होती. पेरणी आली, सण आला, घरी पाहुणे आले की तो थांबायचा, आणि त्यात आपण काही चुकतोय असं त्याला वाटत नसणार.

यावर दंड आणि पगारकपात हा त्या काळचा सरधोपट उपाय होता. एम्प्रेस मिलने प्रॉव्हिडंट फंड सुरू केला, अपघातासाठी विम्याची सोय केली, कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळ आणि बक्षिसांचे दिवस ठेवले. यात कामगारांबद्दल आस्था होती आणि धंद्याचा हिशेबही होता, दोन्ही एकदम असू शकतात. आज ती मिल राहिलेली नाही. पण नागपूरच्या पहिल्या मोठ्या कारखान्याने गैरहजेरीचं उत्तर माणसाला लाजवण्यात शोधलं नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आणि साहेब लोकांचं काय? नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा उन्हाळ्यात प्रांताचं सरकारच पचमढीला मुक्काम हलवायचं. नागपूरच्या मे महिन्यात डोकं चालत नाही, हे त्यांनी उघड मान्य केलं होतं आणि त्यासाठी सातपुड्यात बंगले बांधले होते. मे महिना आजही तसाच तापतो, म्हणून तर विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मोठ्यांच्या ऑफिसला मात्र ही सवलत नाही.

मग आता वातावरण का फिरलं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले, आणि रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते असं म्हणाले. लोखंड्यांनी मुंबईत रविवार मिळवला, त्याला तेव्हा १३५ वर्षं होत आली होती. मुंबईतच मुख्यालय असलेल्या कंपनीच्या प्रमुखाला तोच रविवार खुपत होता.

या दोघांच्या वक्तव्यांवर भरपूर मीम्स झाले. पण मीम शेअर करणारेच दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज ड्राफ्टमध्ये ठेवून देतात. कारण मधल्या काळात एक गोष्ट मनात रुजलेली असते, की जास्त तास बसणारा तो निष्ठावान आणि पूर्ण सुट्ट्या घेणारा तो कामाबद्दल गंभीर नाही.

तब्येतीचा हिशेब याच्या उलट बोलतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मे २०२१ मधला अभ्यास सांगतो, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त दिसतो. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या सल्लागार कंपनीत नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या २६ वर्षांच्या सीए तरुणीचा मृत्यू झाला. तिच्यावर कामाचा असह्य ताण होता, असं तिच्या आईने पत्र लिहून सांगितलं आणि देशभर चर्चा झाली. मृत्यूला कामच कारणीभूत होतं का, यावर वाद होऊ शकतो. पण कामगार विभाग तपासणीला गेला तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं समोर आलं. ज्या कायद्यात रजा लिहिलेली आहे, तोच हा कायदा.

कायद्यात नेमकं काय आहे?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठवड्याच्या सुट्टीशिवाय वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा आणि ८ पगारी सणांच्या सुट्ट्या मिळतात. वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा जमा होते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. किरकोळ रजा मात्र वर्ष संपलं की बुडते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत २४० ऐवजी १८० दिवस काम पुरेसं आहे. दर २० दिवसांमागे एक रजा हे सूत्र तेच, पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंत रजा नेता येते आणि वर्षअखेरीस मागणी केली तर रजेचे पैसेही मिळू शकतात. पण 'कामगार' या व्याख्येत व्यवस्थापक येत नाहीत, आणि १८ हजारांहून जास्त पगाराचे सुपरवायझरही येत नाहीत. मिहानमधल्या कंपनीत कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलेलं असेल, तर प्रत्यक्षात आपण कोणतं काम करतो हे तपासून घ्यावं. नुसत्या हुद्द्यावर हे ठरत नाही.

इतवारी-सीताबर्डीच्या दुकानांतल्या मुलांचं काय, हा प्रश्न अवघड आहे. राज्याच्या कायद्यातली रजा मुळातच १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० करायला आणि दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. चार-पाच माणसांच्या दुकानात सुट्टी ही शेठच्या मर्जीवर असते आणि बहुतेकदा बिनपगारी. तिथे अपराधी वाटण्याइतकी चैनही परवडत नाही, थेट रोजी बुडते.

सरकारी नोकरीत तरी निश्चिंती असेल? राज्य कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस अर्जित रजा खात्यात पडते, ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात. त्यामुळे रजा वापरण्याऐवजी साठवण्याकडे कल असतो. आणि गंमत अशी, की महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येच लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं, तेव्हा या वाक्याचा अर्थ नागपूरच्या कर्मचाऱ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरी गोची

माझ्या मते अपराधीपणाचं मोठं कारण संस्कारांपेक्षा माणसांच्या टंचाईत आहे. चार जणांचं काम तिघांत चालवलेल्या टीममधला एक जण आठवडाभर गेला, की त्याचं काम उरलेल्या दोघांवर पडतं. बदली माणूस ठेवणं ही कंपनीची जबाबदारी. ती पार पाडली जात नाही, आणि त्याची टोचणी लागते सुट्टीवर गेलेल्याला. बाजूच्या टेबलावरच्या मित्राचा थकलेला चेहरा समोर येतो, मालकाचा येत नाही. शाळेच्या शिक्षकाला दिवाळीत किंवा मे महिन्यात असं वाटत नाही, कारण तेव्हा सगळेच सुट्टीवर असतात. जपानमध्ये हीच अडचण होती. सहकाऱ्यांना त्रास नको म्हणून लोक रजा घेतच नव्हते. एप्रिल २०१९ पासून तिथल्या कायद्याने वर्षाला १० किंवा जास्त दिवस रजा असलेल्या कर्मचाऱ्याला त्यातले किमान ५ दिवस रजेवर पाठवण्याची जबाबदारी कंपनीवरच टाकली. मागणाऱ्याचा संकोच त्यांनी वाटेतूनच काढून टाकला.

घरातली सुट्टी हा आणखी वेगळा विषय. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायका बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. बाई ऑफिसातून रजा घेते तेव्हा बऱ्याचदा ती दिवाळीची साफसफाई, पाहुणे किंवा मुलांच्या परीक्षेसाठी असते. चिखलदऱ्याला दोन दिवस गेली तरी सकाळच्या डब्यातले पराठे कुणी लाटले, हे विचारून बघा.

आणि आईचा तो टोमणा? त्याला कायदा उपाय नाही. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, समृद्धी महामार्ग त्याच वर्षी जूनमध्ये पूर्ण झाला. येणं थोडं सोपं झालं, पण वर्षाला मिळणाऱ्या सुट्ट्या तेवढ्याच आहेत. त्यातून घर आणि फिरणं दोन्ही काढायचं असेल तर आई-बाबांना सोबत घेऊन जाणं, हा बऱ्याच जणांनी काढलेला तोडगा आहे. त्यात आराम किती मिळतो, ते ज्याचं त्याला माहीत.

सुट्टीवर असताना येणाऱ्या फोनचंही बघायला हवं. ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं. संसदेत खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये, त्यामुळे त्यावर फार विसंबून राहू नये.

त्यापेक्षा हातातली एक गोष्ट आहे. नव्या संहितेनुसार कामगाराने रजा मागितली आणि ती नाकारली गेली, तर ती नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते. ३० दिवसांची अट तिला लागत नाही. पण त्यासाठी ती मागितल्याचा पुरावा लागतो. चहाच्या टपरीवर साहेबांना "सर, पुढच्या महिन्यात जरा जायचं होतं" म्हटलेलं कुठेच नोंदवलं जात नाही. अर्ज मेलवर किंवा पोर्टलवर टाका, तारखा लिहा, नकार आला तर तोही लेखी मागा. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढा एक शब्द पुरतो.