साखर हवेतली, पाचट मातीचं

टोळी ऊस तोडून पुढच्या फडात गेली की दोन-चार दिवसांत संध्याकाळच्या सुमारास पाचटाला काडी लागते. बघता बघता रान काळं पडतं आणि खोडव्याची वाट मोकळी होते. गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्राला हे चित्र सवयीचं आहे. ओरड होते ती धुराची. हिशेब मात्र मातीचा मांडायला हवा.

साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बाकी काही नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांतून उसाने उन्हाच्या जोरावर केलेला हा माल. त्यामुळे साखरेच्या पोत्यातून शेतातलं नत्र, स्फुरद, पालाश जवळपास बाहेर जातच नाही. ते राहतं पानांत, मळीत, प्रेसमडमध्ये. वाढ्यांतलं बैलांच्या पोटात जातं. विकायचं ते हवापाण्याचं आणि जमिनीचं ते जमिनीला परत देता येईल असं, इतकं सोयीचं नगदी पीक दुसरं शोधावं लागेल.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. दहा टन धरलं तर त्यात चाळीस-पन्नास किलो नत्र, नव्वद-शंभर किलो पालाश आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब. आगीत कर्ब आणि बहुतेक नत्र उडून जातं. पालाश राखेत उरतं खरं, पण ती राखही वाऱ्यावर जाते. गेलेलं नत्र म्हणजे युरियाची दोनेक पोती. हेच नत्र खत कारखाने नैसर्गिक वायू खर्चून पुन्हा हवेतूनच काढतात आणि सरकार त्यावर अनुदान देतं. हवेतून आणायचं, हवेत सोडायचं आणि मधला खर्च तिजोरीतून!

पाचट ठेवलेल्या सरीत पावसाळ्यात हात घालून पाहावा. वरचा थर अजून कुरकुरीत असतो. खाली तपकिरी, ओलसर लगदा, त्यात बुरशीचे पांढरे धागे आणि तळाशी गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. मात्र पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र तोकडं. ते कुजवताना जिवाणू कमी पडणारं नत्र जमिनीतून उचलतात आणि खोडवा पिवळा दिसू लागतो. ‘पाचट ठेवून बघितलं, पीक बसलं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकण्याची शिफारस आहे. हा युरिया वाया जात नाही. जिवाणू मेले की त्यांच्यातलं नत्र मुळांना मिळतं.

शेतकऱ्याला हे कळत नाही असं मुळीच नाही. तोडणीनंतर मजूर मिळत नाहीत, पाणी सरीत अडतं, उंदरांची भीती असते. शिवाय शेजारच्याने पेटवलं की ठिणगी बांध ओलांडतेच. अशा वेळी जागृती मेळावे घेऊन काय साधणार?

यावरचा उपाय साखर कारखान्याकडे आहे. कोणत्या गटात तोड कधी पडणार, हे त्याच्या शेती विभागाला आधीच माहीत असतं. बेणं आणि खत उधारीवर देऊन ते ऊसबिलातून वळतं करण्याची पद्धतही जुनीच आहे. त्याच वहीत पाचट कुट्टी यंत्राचं भाडं लिहावं आणि टोळी हलली की तिसऱ्या दिवसाच्या आत यंत्र बांधावर पाठवावं.