समस्येतून शिक्षण : सेवाग्रामचा धडा

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेपासून काही किलोमीटरच्या परिघात सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे दाखल होणारा विद्यार्थी ७२० गुणांच्या ‘नीट’साठी चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा सराव करून आलेला असतो. रुग्ण मात्र पर्याय घेऊन येत नाही. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, त्यात स्वयंअध्ययनासाठी वेळापत्रकातच तास राखले गेले. या विसंगतीवरचा तो एक उपाय होय.

समस्याधारित अध्यापन रुजले ते १९६९ मध्ये, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात. आधी रुग्णाची समस्या मांडायची. मग विद्यार्थ्यांच्या लहान गटाने आपल्याला काय ठाऊक नाही ते शोधायचे, वाचायचे आणि पुन्हा एकत्र बसायचे. योगायोग असा, की त्याच वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामचे महाविद्यालय सुरू केले. तेथे प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, विद्यार्थ्यांकडे कुटुंबे सोपविली जातात. अशा घरातील गरोदर महिलेचे हिमोग्लोबिन का वाढत नाही, याचे उत्तर केवळ पुस्तकात सापडत नाही. गोळ्या पोटात जातात का, ताटात काय असते, उपकेंद्र किती दूर, हे विचारावे लागते. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेसाठी स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा आवश्यक मानले. तिन्हींना येथे वाव आहे.

वर्ध्याला हे नवे नाही. १९३७च्या ऑक्टोबरातील शिक्षण परिषदेतून आकाराला आलेल्या ‘नई तालीम’मध्येही हातातल्या कामातून ज्ञानाकडे जायचे होते. बहुतेक शाळांत पुढे कार्यानुभवाचा तास तेवढा उरला, हा भाग वेगळा.

तथापि, विद्यार्थ्याला मोकळे सोडले की तो आपोआप स्वयंशिस्तीने शिकतो, हा भाबडेपणा आहे. नवख्याला मार्गदर्शनाविना समस्येत ढकलले तर त्याच्या स्मरणशक्तीवर ताण येतो, असा आक्षेप किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये घेतला. तो झटकून टाकण्याजोगा नाही. अभ्यासाचे नियोजन, स्वतःची तपासणी आणि चुकांचा आढावा ही कौशल्येही शिकवावीच लागतात. त्यासाठी उत्तर ठाऊक असूनही गप्प बसणारा आणि नेमका प्रश्न विचारणारा शिक्षक हवा. असे शिक्षक घडविण्यावर किती वेळ आणि पैसा खर्च होतो, यावर अभ्यासक्रमाचे यश ठरेल.

अडचण परीक्षेचीही आहे. उत्तरपत्रिकेत ‘क्षयरोगावर टीप लिहा’ एवढेच विचारले जाणार असेल, तर विद्यार्थी गटचर्चा सोडून तयार नोट्सकडे वळणार. त्याचा हिशेब चुकला, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?