खाडीकाठच्या माणसांना विकास नको असतो का?

गोराईच्या खाडीवर लिहितोय म्हटल्यावर एका मित्राने विचारलं, माहूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, मातृतीर्थ तलाव आणि पावसाळ्यात वझऱ्याचा शेख फरीद धबधबा. पण पर्यटन म्हणजे काय, हे आम्हा माहूरकरांना कुणी शिकवायला नको. नवरात्रात आणि दत्त जयंतीला गडावर माणसांचा पूर येतो. तांबूल कुटणारे, बांगड्या विकणारे, जीपवाले, खोल्या भाड्याने देणारे या गर्दीवर जगतात. त्यात हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत. त्यामुळे ‘पर्यटन वाईट’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. येणाऱ्याचा पैसा कुणाच्या हातात पडतो आणि जागा कुणाची जाते, एवढे दोन प्रश्न मात्र मी प्रत्येक वेळी विचारतो.

गोराई, मनोरी, उत्तन हा मुंबईच्या वायव्येचा पट्टा, जुनं नाव धारावी बेट. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन. वस्ती मुख्यतः कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. उत्तनला वलांड्यांवर बोंबील सुकत असतात, गावांत भातशेती आणि भाजीपाला आहे. १९८९ साली इथेच एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. पुढे या सगळ्या पट्ट्यावरच पर्यटनाचं विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला. मग एमएमआरडीएने सुमारे ४३ चौरस किलोमीटरचं पर्यटन क्षेत्र आखायला घेतलं. गावकरी विरोधात उभे राहिले. धारावी बेट बचाव समितीसारख्या मंचांवर मच्छीमार आणि शेतकरी एकत्र आले.

त्यांच्यावर आरोप झाला तो ठरलेलाच: यांना विकास नको. आता हेही खरं आहे की याच गावांत शनिवार-रविवारची रिसॉर्टं उभी आहेत आणि त्यांच्यासाठी जमिनी विकणारे सगळेच बाहेरचे नव्हते. म्हणजे गाव पाहुण्यांच्या विरोधात नाही. पण एका कुटुंबाने आपला तुकडा विकणं आणि सरकारने नकाशावर रेघ ओढून अख्ख्या गावाचा धंदाच बदलून टाकणं, या दोन गोष्टींत फरक आहे. कोळ्याला किनाऱ्यावर होडी ओढायला जागा लागते, जाळी विणायला लागते, मासळी सुकवायला लागते. त्या जागेचा सातबारा त्याच्या नावावर नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ती सगळ्यांची म्हणून वापरात असते. कागदावर ती रिकामी दिसते, आणि पर्यटनाच्या आराखड्याला अशीच रिकामी जागा हवी असते.

कांदळवनाचंही तसंच. शहरातल्या माणसाला तो वास मारणारा चिखल वाटतो. कोळंबी, खेकडे आणि कितीतरी मासे लहानपणी याच मुळांच्या आधाराने वाढतात. भरतीचा जोर हीच झाडं मोडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी सामावणाऱ्या जागा आपण बुजवल्यात हे मुंबईला कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला राज्यभर मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल देताना ही तोड जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला असल्याचं म्हटलं. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, केंद्राची नवी सीआरझेड अधिसूचना आली. दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटर झाला, आणि बंदीच्या पट्ट्यातही पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना वाट मिळाली.

आता लक्षद्वीप. २०११च्या जनगणनेनुसार वस्ती ६४ हजार, त्यात ९६ टक्क्यांहून जास्त मुसलमान. २०२१ मध्ये तिथे विकास प्राधिकरणाच्या नियमांचा मसुदा आला, ज्यात कुठलीही जमीन नियोजनासाठी घेण्याची मुभा होती. हरकतींसाठी जेमतेम तीन आठवडे, तेही कोरोनाच्या काळात. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेड पाडल्या गेल्या. विरोध करणाऱ्या आयशा सुलताना यांच्यावर एका चर्चेतल्या शब्दावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. गोराईच्या कोळ्याला ‘विकासविरोधी’ म्हणतात, तोच विरोध बेटावरच्या मुसलमानाने केला की ‘देशविरोधी’ होतो. प्रश्न मात्र दोन्हीकडे किनाऱ्यावरच्या जागेचा आहे.

आणि इथे माझी तक्रार आपल्याच लोकांकडे आहे. लक्षद्वीपच्या वेळी आपले मोबाईल स्टेटसने भरले होते. गोराईचं नाव आपल्या किती मजलिसींत, किती अंकांत आलं? तिथे ख्रिस्ती आहेत, कोळी आहेत, म्हणून ते आपलं नाही? मग रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या दालदी मच्छीमारांचं काय? ते तर कलमा वाचणारे आहेत आणि सीआरझेडचे नियम त्यांनाही तेच लागू आहेत. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळे माणसं भागीदार असतात अशी हदीस आपण ऐकत आलोय. त्यात भागीदाराचा धर्म विचारलेला नाही.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. झाड तुटलं तर त्यांचाच धंदा बुडेल, म्हणून राखणही त्याच करतात. हा प्रयोग लहान आहे, पाचतारांकित हॉटेलाइतका महसूल त्यातून येणार नाही, हे मान्य. पण येणारा रुपया गावातच राहतो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाषेचा मुद्दा. २०२०च्या पर्यावरण परिणाम मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तो भारतीय भाषांत द्या. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे मराठीत मिळावेत म्हणून आपल्या मच्छीमारांनाही मागणी करावी लागली. ज्याचं घर नकाशात आहे त्यालाच नकाशा वाचता येत नसेल तर त्या जनसुनावणीला अर्थ काय? उद्या आमच्या वझऱ्याच्या धबधब्यासाठी किंवा पैनगंगेच्या काठासाठी असा काही आराखडा निघाला, तर ग्रामसभेत पहिला अर्ज त्याची मराठी प्रत मागणारा असावा. आणि त्या अर्जावर दर्ग्याच्या खादिमाची आणि गडावरच्या पुजाऱ्याची, दोघांचीही सही असावी.