घोकलेली ओपनिंग

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धेत आमच्या एका खेळाडूचा डाव मी शेवटपर्यंत उभा राहून पाहिला. मोहरी काळी. 'किंग्ज इंडियन' बचावाच्या पहिल्या खेळ्या त्याने पाढे म्हणावेत तशा केल्या. घोडा बाहेर, प्यादे एक घर, त्यामागे उंट, मग किल्लेकोट. समोरच्या मुलाने हत्तीपुढचे प्यादे सरळ पुढे दामटले. हे काही पाठ केलेल्या पानावर नव्हते! आमच्या गड्याने आपल्या खेळ्या तशाच चालू ठेवल्या. हत्तीची पट्टी मोकळी झाली, वजीर तिथे आला आणि मात झाली. "हीच ओपनिंग का?" असे नंतर विचारले, तर म्हणाला, "पुस्तकात चांगली म्हटली आहे."

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परीक्षेला गाईड आणि पटावरही गाईडच, हे मला पटत नाही.

या बचावातले 'इंडियन' कुठून आले, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. त्यामुळे पटाचा मध्य झटकन बळकावता येत नसे. फौज हळूहळू मांडावी लागे. 1850च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराविरुद्ध अशाच मांडणीने खेळत. प्रतिपक्षाला मध्य व्यापू द्यायचा आणि मग त्यावर प्याद्यांचा घाव घालायचा, हे या बचावाचे मर्म. बगलेवर हल्ला आला की मध्यावर उलट हल्ला करावा, हे तर खेळाचे जुनेच शहाणपण. आमच्या खेळाडूची मधली प्यादी शेवटपर्यंत जागची हलली नाहीत.

थोर खेळाडूंनाही पाठांतर लागतेच, असे कोणी म्हणेल. लागते, पण त्यांना खेळीमागचे कारणही ठाऊक असते. पंजाबचा सुलतान खान देशी नियमांवर वाढलेला, ओपनिंगच्या ज्ञानात कच्चा. तरी त्याने 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले, हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवले.

तेव्हा जिमखान्याने ओपनिंगचे आणखी एक जाडजूड पुस्तक घेण्यापेक्षा स्पर्धेनंतर पट अर्धा तास तसाच ठेवू द्यावा. दोघांनी बसून आपलाच डाव पुन्हा मांडावा, चहा हवा तर मी पाजीन. सध्या शेवटची मात होते न होते तोच शिपाई टेबल उचलतो, कारण कॅरमवाले दारात उभे असतात.