धक्क्याचे मोल

भर पावसात विमान मुंबईच्या धावपट्टीवर दाणकन टेकते, उतारूंच्या काळजात धस्स होते आणि लागलीच वैमानिकाचा उद्धार सुरू होतो. हा रोष बव्हंशी अज्ञानमूलक आहे. ओल्या धावपट्टीवर कुशल वैमानिक विमान पुष्कळदा हेतुपुरस्सर ठामपणे टेकवितो. चाकांखालचे पाणी दूर सारले जावे, चाके जमिनीस भिडावीत आणि ब्रेक लागावेत, हा त्यामागील हेतू. अलगद टेकण्याच्या मोहात विमान तरंगत राहिले, तर पुढची धावपट्टी तेवढी कमी उरते.

ही उणीव किती महाग पडते, हे देशाने पाहिले आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे विमान धावपट्टीचा बराच भाग मागे टाकून टेकले व पुढच्या दरीत कोसळले; १५८ माणसे दगावली. उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर न्यावे, असे सहवैमानिकाने वारंवार सांगितले होते. ते मानले गेले नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात विमान असेच उशिरा टेकले आणि २१ जण प्राणांस मुकले.

प्रत्येक धक्का क्षम्य असतो, असे मात्र नव्हे. तो मर्यादेबाहेरचा असेल, तर कसून तपासणी झाल्यावाचून त्या विमानाने पुन्हा उड्डाण करता कामा नये. परंतु टेकण्याऐवजी विमान पुन्हा आकाशात नेणारा वैमानिक भित्रा नव्हे, जबाबदार होय. त्या विलंबाबद्दल उतारूंनी त्याला बोल लावू नये आणि कंपन्यांनी जाब विचारू नये.