बॅटरीची आग आणि यतना

जैन आचारात अग्नीलाही जीव मानले आहे. म्हणूनच दिवा लावताना, चूल पेटवताना यतना, अर्थात जयणा, पाळण्याचा संस्कार घरोघरी होतो. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारात हायब्रिड मोटार किंवा विजेवर चालणारी स्कूटर उभी असते. तिच्या बॅटरीतील अग्नी दृष्टीस पडत नाही. म्हणून तिथे यतना अधिकच हवी.

सप्टेंबर २०२२ मध्ये ठाण्याशेजारच्या वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. शेजारी निजलेला सात वर्षांचा मुलगा गंभीररीत्या भाजला आणि काही दिवसांनी मरण पावला. निद्रिस्त घरात, बंद खोलीत, दाराच्या वाटेवर बॅटरी चार्जिंगला लावू नये, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

लिथियम-आयन बॅटरीत एक घट अतितप्त झाला की त्याची उष्णता शेजारच्या घटांना पेटवते. आतून ज्वलनशील व विषारी वायू बाहेर पडतात. वाळूने वा पावडरीच्या अग्निशामकाने वरच्या ज्वाळा शमल्या, तरी आतली उष्णता कायम राहते. ती उतरवण्यास भरपूर पाणी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचेच आहे. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. अशी गाडी इमारतीपासून व अन्य वाहनांपासून निदान १५ मीटर दूर उघड्यावर ठेवावी.

हायब्रिड मोटारीचा आणखी एक धोका आहे. इंजिनाचा आवाज नसला, तरी ती चालू असू शकते. साध्या मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. हायब्रिडची मुख्य बॅटरी कित्येकदा २०० व्होल्टच्या आसपास असते. अपघातानंतर शक्य असल्यास गाडी बंद करून किल्ली दूर न्यावी. नारिंगी रंगाच्या जाड तारांना मुळीच हात लावू नये.

जुलै २००५ व जुलै २०१९ च्या पुरांत उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरातील वस्त्यांत शिरले होते. अशा पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करण्याचा मोह आवरावा. प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या तपासणीपूर्वी ती चालवू नये, चार्जिंगलाही लावू नये.

धूर किंवा फुसफुस आढळताच सर्वांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ वर कळवावे. गाडी हायब्रिड वा विजेवरची आहे, हे आवर्जून सांगावे. त्यावरून जवानांना आपली तयारी ठरवता येते. गोदामातील माल वा पेढीच्या वह्या आणण्यासाठी कोणीही आत परतू नये. ही सूचना मालकाने नोकरांना आधीच, स्पष्ट शब्दांत द्यावी. कारण ऐन वेळी मालकाच्या नुकसानीच्या चिंतेने धावणारा बहुधा तोच असतो.