मशालजीचा दर, महाराची वेठ

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पना एवढ्यावर तो चालतो. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, आणि सारे भुयारात खजिना शोधायला निघतात. आपली शिकली-सवरली मुलेही आता तो खेळतात. पोरखेळ म्हणून हसून सोडून द्यावा असे कुणाला वाटेल. पण या खेळाच्या नियमपुस्तकांत नोकर आणि अनुयायी कसे ठेवावेत याचे रीतसर नियम आहेत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची चाकरी केली, त्या समाजाच्या माणसाने ते एकदा वाचलेच पाहिजेत.

१९७९ च्या पुस्तकात हमाल, मशालजी, हुजऱ्या यांचे रोजचे आणि महिन्याचे दर छापलेले आहेत. २०१४ च्या आवृत्तीत अकुशल माणसाला दिवसाला चांदीची २ नाणी, तर कुशल माणसाला सोन्याची २, म्हणजे दहापट! जुन्या नियमांत किती अनुयायी मिळतील हे मालकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या गुणांवर ठरे. ३ गुण असतील तर १ अनुयायी, १८ असतील तर १५. चाकर निष्ठावान राहील की पळून जाईल, हे फासे टाकून पाहायचे.

यात मनुवादी समाजरचनेचा वास येतो, हे उघड आहे. योद्ध्याला नाव, इतिहास, गुणांचा स्वतंत्र कागद. अंधारात सर्वांपुढे मशाल धरून चालणाऱ्याला बहुतेक वेळा यातले काहीच नाही. त्याची निष्ठा मोजायची तीही मालकाच्या गुणांवरून. त्याला घरी मुले आहेत की नाहीत, हे कोण विचारतो?

तरीही वकील म्हणून मला दुसरी एक गोष्ट दिसते. या खेळातल्या चाकराचा दर आधी ठरतो. तो नकार देऊ शकतो. जिवावर बेतले तर निघून जाऊ शकतो. यातले एक तरी मुंबई इलाख्यातल्या महार वतनदाराला होते काय? १८७४ च्या वतन कायद्याने त्याला बांधून टाकले होते. सांगावा पोचवा, सरकारी सामान वाहून न्या, रात्री पहारा द्या. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही. तो घरी नसला तर घरातले दुसरे माणूस धरून नेत. मोबदला काय, तर इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. नोकरी घ्यायची तर तिचा रोख पगार द्या, आणि ज्याला सुटायचे आहे त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून सुटू द्या, असा त्याचा आशय. १९२९ मध्ये ते त्यांना मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. काल्पनिक भुयारातल्या मशालजीला जे सहज मिळाले, ते आपल्या आजोबा-पणजोबांना तीस वर्षे भांडून मिळाले!

आणि ते तरी पूर्ण मिळाले काय? विदर्भात गुढीपाडव्याला सालदार ठरवण्याची रीत आहे. उचल घेतली की वर्षभर माणूस बांधला जातो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. पण जिथे किमान दरच ठरलेला नाही, तिथे या निकालाचा आधार घ्यायचा कसा? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कायदा केला. त्यात कल्याण मंडळ आहे, नोंदणी आहे, मजुरीचा दर नाही. कर्नाटकाने तो २००४ मध्येच ठरवला होता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठी कायदेशीर चौकट तपासायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले.

अनुयायांचे तर विचारूच नका. आज सभेला माणसे रोजाने आणली जातात आणि नेत्याचे वजन ट्रकांवरून मोजले जाते. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसे जमली, ती पदरची भाकरी बांधून आली होती. त्यांना कुणी दर सांगितला नव्हता.

राहता राहिला आपल्या घरचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. उत्तर नागपुरात आपल्यातले अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर यांच्या घरी आता भांड्याला, स्वयंपाकाला बाई येते. पुष्कळदा तीही आपलीच असते. दिवाणखान्यात तथागतांची मूर्ती असते. त्याच तथागतांनी सिगालाला सांगितले की चाकराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी. बाई आजारी पडली की आपण पगार कापतो की डॉक्टरकडे नेतो? तिच्या कपाला वेगळी खुंटी आहे काय? महिन्याच्या चार सुट्या, दिवाळीचा नव्हे तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा बोनस आणि ठरलेला पगार, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करायला मंडळाची परवानगी लागत नाही. मसुदा हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे; मी तो मराठीत तयार ठेवला आहे.